'रेडवॉल' वाचायला घेताय? उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी नागपुरी वाटाड्या

नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच पोट्ट्यांना बाहेर सोडायची सोय नसते. पारा ४५ला टेकलेला, रस्ते ओस, आणि घरात कूलरसमोरच्या जागेवरून आणि मोबाइलवरून मारामाऱ्या. त्यात विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून, जून संपत आला की उघडतात. म्हणजे अशा दुपारी भरपूर. या दुपारींसाठी मी ज्याला-त्याला एकच सुचवत असते: इंग्रज लेखक ब्रायन जेक्स यांची 'रेडवॉल' मालिका घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण वाचायची आपल्या बोलीत सांगत-सांगत. ज्यांनी नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी, सुरुवात कशी करायची ते क्रमाने लिहिते आहे.

१. काय हातात घेताय ते आधी समजून घ्या

'रेडवॉल' हे पहिल्या पुस्तकाचं नाव आणि अख्ख्या मालिकेचंही. मॉसफ्लॉवर नावाच्या जंगलाला लागून लाल दगडाचा एक मठ आहे. तिथे उंदीर, खारी, पाणमांजरं, बॅजर (बिळात राहणारं दणकट जनावर), मोल (जमिनीखाली बोगदे खणणारं छोटं जनावर) अशी बोलणारी जनावरं राहतात. बाग पिकवतात, आल्यागेल्या आजाऱ्याला औषधपाणी करतात, सणावाराला पंगती उठवतात. माणूस कुठेच नाही. मठ म्हटला तरी देवाधर्माचं प्रवचनही नाही, त्यामुळे कुठल्याही घरात वाचायला अडचण नाही. पहिलं पुस्तक १९८६चं. शेवटचं, बाविसावं, २०११ साली निघालं, लेखकाच्या निधनानंतर काही महिन्यांनी.

जेक्स हे लिव्हरपूलचे, जन्म १९३९चा, बंदरावरच्या कष्टकरी वस्तीत वाढलेले. पंधराव्या वर्षी जहाजावर कामाला गेले, पुढे ट्रक चालवला, बऱ्याच नोकऱ्या केल्या. घरोघर दूध पोचवायचं काम करत असताना त्यांच्या फेरीत अंध मुलांची एक शाळा होती. तिथल्या मुलांना ते गोष्टी वाचून दाखवू लागले. हाताला लागलेली पुस्तकं त्यांना मुळीच पसंत पडेनात, तेव्हा स्वतःच लिहायला बसले. त्यांचे शाळेतले जुने इंग्रजीचे शिक्षक ॲलन डर्बंड यांनी ते बाड त्यांना न विचारताच प्रकाशकाला दाखवलं आणि पुस्तक निघालं.

ही माहिती वाचणाऱ्याच्या कामाची आहे. ऐकणाऱ्याला काही दिसत नाही हे धरून ही पुस्तकं लिहिलेली आहेत. म्हणून प्रत्येक गोष्टीचा वास, आवाज, चव, अंगाला लागणारा वारा सांगितलेला असतो. डोळ्यांनी भराभर वाचणाऱ्याला ती वर्णनं लांबण वाटतात. कानांनी ऐकणाऱ्याला तीच हवी असतात.

मुखपृष्ठावर अंगरखा घातलेला उंदीर दिसला म्हणून हे बाळबोध पुस्तक समजू नका. वेढे पडतात, फितुरी होते, चांगली पात्रं मरतात. ऐकायला वय आठच्या पुढचं बरं. स्वतः इंग्रजीतून वाचायचं तर दहा-अकराच्या पुढचं, आणि तेही वाचनाची सवय असेल तर.

२. पहिलं पुस्तक पहिलंच घ्या

क्रमावरून नवख्यांचा फार गोंधळ होतो. गोष्टीतल्या काळाप्रमाणे लावलं तर 'लॉर्ड ब्रॉकट्री' सगळ्यात आधी येतं, पण ते लिहिलं गेलं २००० साली. बरेच जण "गोष्टीच्या सुरुवातीपासून" म्हणून तिथून लागतात आणि शंभर पानांत दमतात. लेखकाने जग उभं करून झाल्यावर मागे वळून लिहिलेलं ते पुस्तक आहे. तुम्हाला अजून मठच माहीत नाही, तर त्याच्या आधीच्या कोण्या काळाचं तुम्हाला काय पडलेलं असणार?

तेव्हा 'रेडवॉल', मग 'मॉसफ्लॉवर' (१९८८), मग 'मॅटिमिओ' (१९८९). ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने. 'मॉसफ्लॉवर'मध्ये मठ बांधण्याआधीची कथा आहे, आणि पहिल्या पुस्तकात भिंतीवरच्या पडद्यावर विणलेला जो मार्टिन नावाचा वीर उंदीर दिसतो, तो तिथे हाडामांसाचा भेटतो. 'मॅटिमिओ'त पहिल्या पुस्तकाच्या नायकाचा मुलगा आहे. हा मुलगा लाडावलेला आणि उद्धट आहे, त्यामुळे ऐकणाऱ्या पोरांना तो फार जवळचा वाटतो.

बावीसच्या बावीस वाचायची शपथ घेऊ नका. सातव्या-आठव्या पुस्तकापर्यंत साचा पाठ होतो: मठावर संकट, एक जुनं कोडं, तिघा-चौघांची दूरची वाट, मध्ये मेजवानी, शेवटी लढाई. साच्याला माझी हरकत नाही, पोरांना तर तोच आवडतो. पण वाचणाऱ्या मोठ्या माणसाचाही जीव असतो. पाच-सहा पुस्तकं नीट झाली तरी पुष्कळ.

३. प्रत मिळवताना

नवी प्रत ऑनलाइन मागवता येते. मागवताना दोन गोष्टी बघा. मालिकेतल्या सगळ्याच पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'रेडवॉल' हा शब्द असतो, तेव्हा पुस्तकाचं स्वतःचं नाव काय ते वाचा. आणि पहिल्या पुस्तकाची चित्रकथाही निघालेली आहे. ती वाईट नाही, पण वाचून दाखवायला निरुपयोगी. पानांची संख्या साडेतीनशेच्या आसपास असेल तर ती कादंबरी.

सीताबर्डीत जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात मधलाच एखादा भाग स्वस्तात हाती लागतो. घेऊन ठेवा, सुरुवात मात्र त्याने करू नका. जुनी प्रत घेताना आतला नकाशा शाबूत आहे का ते पाहा. नकाशावर बोट ठेवून "आता हे इथे आहेत" असं दाखवता आलं की लहानांचं लक्ष टिकतं.

४. जनावरांची ओळख आधी करून द्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग तिसऱ्या प्रकरणात पोरं विचारतात, "स्टोट म्हणजे काय?" मालिकेतली निम्मी जनावरं विलायती आहेत. मोल मध्य भारतात नाहीच. वीझल, स्टोट यांचे भाऊबंद आपल्याकडे हिमालयात सापडतात. आपल्या पोरांना लांबट अंगाचं, चपळ, बिळात घुसणारं जनावर म्हटलं की मुंगूस आठवतं. तेवढ्यावर शरीर समजतं, पण स्वभाव उलटा होतो, कारण मुंगूस आपल्याकडे साप मारणारं, दिसलं की शुभ मानलेलं. म्हणून "मुंगसासारखं दिसतं, पण मुंगूस नव्हे" एवढं सांगून पुढे जा.

उंदीर आणि रॅट यांचा घोळ पहिल्याच दिवशी मिटवा. नायक मथायस हा लहानखुरा उंदीर, आणि खलनायक क्लूनी हा मोठा, एका डोळ्याचा रॅट. दोघांनाही उंदीर म्हटलंत तर लढाई कोणाची कोणाशी हेच कळणार नाही. मी क्लूनीच्या टोळीला सरळ घुशी म्हणते. प्राणिशास्त्राला हे मान्य होणार नाही, पण गटारातली घूस पाहिलेल्या पोराला दुसरं काही सांगावं लागत नाही.

ससा हे मात्र आपलं नशीब आहे. मालिकेतले ससे लांब तंगड्यांचे, वाऱ्यासारखे पळणारे लढवय्ये आहेत. पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा वेगळ्या जातीचा. आपल्या शेतातून, पेंचच्या रस्त्यावरून गाडीच्या उजेडात उड्या मारत जाणारा तपकिरी ससा हा खरा त्यांचा चुलतभाऊ. पोरांनी तो पाहिलेला असेल तर त्याचीच आठवण द्या. पाणमांजरं विदर्भातल्या नद्या-तलावांत आजही आहेत. बॅजरचा आपल्याकडचा नातेवाईक रॅटेल आपल्या जंगलातही आहे, पण तो रात्री फिरतो, सहसा कोणाला दिसत नाही. हेजहॉगला साळिंदर म्हणू नका. साळिंदर केवढं मोठं असतं! हा हाताच्या ओंजळीत मावणारा काट्यांचा गोळा. सापाचं सोपं आहे: ॲडर हा घोणशीच्या कुळातला, आणि घोणस काय चीज आहे ते नागपूरच्या कडेच्या ले-आउटांत राहणाऱ्यांना सांगायला नको.

एक सकाळ काढून पोरांना अजब बंगल्यात न्या. १८६३ सालच्या या मध्यवर्ती संग्रहालयात पेंढा भरलेल्या प्राणी-पक्ष्यांचं दालन आहे. केवढा पंजा, केवढे दात, हे काचेमागे का होईना, पण डोळ्यांनी दिसतं. तटबंदी आणि वेस कशी असते ते दाखवायचं असेल तर महाल भागातला गांधी गेट आहेच. सुट्टीच्या दिवशी गाडी काढणार असाल तर रामटेकजवळचा नगरधनचा किल्ला त्याहून चांगला. तटावर उभं राहून खाली पाहिलं की वेढा म्हणजे काय हे न सांगता कळतं.

५. रोज किती वाचायचं

अर्धा तास. सांगत-सांगत वाचलं तर तेवढ्या वेळात आठ-एक पानं होतात, म्हणजे साडेतीनशे पानांचं पुस्तक दीड महिन्यात. मेच्या सुरुवातीला धरलं तर शाळा उघडायच्या आत पहिलं पुस्तक संपतं आणि दुसऱ्याची चटक लागलेली असते.

प्रकरणं छोटी आहेत आणि लेखक मोठा लबाड आहे. एका प्रकरणात मथायस छपरावर अडकतो, आणि पुढचं प्रकरण थेट शत्रूच्या छावणीत उघडतं. दोन-तीन धागे असे आलटून-पालटून चालतात. लहान पोरं इथे हरवतात. त्यावर उपाय म्हणजे रोज सुरू करण्याआधी एकाने कालची गोष्ट सांगायची. कोण सांगणार यावरून आमच्याकडे दोघींची इतकी जुंपायची की शेवटी पाळ्या लावून द्याव्या लागल्या.

कूलरचा आवाज विसरू नका. कूलर पुरा सुरू असेल तर ओरडावं लागतं आणि अर्ध्या तासात घसा बसतो. पंपाचं पाणी चालू ठेवून पंखा एका नंबरवर आणा. पोरांना कूलरच्या समोर बसवा आणि तुम्ही बाजूला बसा, म्हणजे वारा त्यांना आणि आवाज तुमचा.

पहिली तीस पानं जरा सैलसर आहेत, तिथे धीर धरा. सुरुवातच अशी: ढगळ अंगरखा आणि मापाबाहेरच्या चपला घातलेला मथायस हेझलनटची टोपली घेऊन ओवरीतून चाललाय, वर पाहण्याच्या नादात पाय अडकतो, सगळ्या बिया गवतावर विखुरतात, आणि नेमके तेव्हाच मठाधिपती समोर. हे वाचताना उठून चालून दाखवा. मोठ्या माणसाच्या चपला घालून एखाद्या पोराला चालायला लावलं तर आणखी बहार. पुढे याच धांदरटाच्या हातात तलवार यायची आहे. म्हणून हा पहिला धडपडलेला मथायस त्यांच्या डोक्यात पक्का बसायला हवा.

वाटेत कोडी येतात, बहुतेक कवितेतून. त्यांतलं एक महत्त्वाचं कोडं इंग्रजी अक्षरांच्या उलटापालटीवर उभं आहे. तिथे मराठी करायला जाऊ नका, सगळं मुसळ केरात जाईल. ती ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि त्या दिवशीचं वाचन तिथेच थांबवा. ज्याला सुटलं त्याने दुसऱ्याला सांगायचं नाही, ही अट.

६. आवाज काढा, पण हसू कोणाचं होतंय ते बघा

मालिकेत प्रत्येक जमातीची बोलण्याची धाटणी वेगळी आहे आणि वाचून दाखवायला तिथेच खरी मजा आहे. पाणमांजरं खलाशांसारखी बोलतात. मठाच्या छपरात राहणाऱ्या चिमण्या तोडकं-मोडकं, अर्ध्या वाक्यात, चिडून. ससे लष्करी अधिकाऱ्यांच्या ऐटीत, आणि दर दोन वाक्यांमागे खायला काय आहे ते विचारतात. आपल्याला लष्करी माणूस शोधायला लांब जायचं नाही, कामठीची छावणी जवळच आहे. बेसिल नावाच्या सशाला मी कामठीहून निवृत्त झालेला सुभेदारसाहेब करून टाकला आहे: अर्धी हिंदी, अर्धी मराठी, मिशीला पीळ, आणि "नाश्ते का क्या बंदोबस्त है?"

मोल हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या खेड्यांतली जाड गावठी इंग्रजी बोलतात. पानावर ती वाचणं नवख्याला महाकठीण, स्पेलिंगं सगळी वाकडी. तोंडाने मोठ्याने म्हणा, म्हणजे उलगडतात. आणि पोरांना सांगताना ती वऱ्हाडीत सांगा. "हौ ना बाप्पा, बोगदा तं खोदूनच ठेवला हाय. पयले जेवून घ्या, मंग लढाईचं पाहू." ज्या घरात आजी-आजोबा आहेत तिथे मोलांचं काम त्यांच्याकडे द्या. वाशिम-अकोल्याकडचे आजोबा असतील तर तुम्ही नुसतं ऐकत बसा.

फक्त एक भान ठेवा. सिनेमा-नाटकांनी वऱ्हाडी बोलणाऱ्याला विदूषक करून ठेवलंय. जेक्सचे मोल विदूषक नाहीत. सगळे शहाणे गोंधळलेले असताना साधी, सरळ, उपयोगाची गोष्ट सांगणारे तेच असतात, आणि मठात त्यांच्या शब्दाला किंमत आहे. पोरं त्यांच्या बोलण्यावर हसली तर हसू द्या, पण पुढच्या पानावर मोलाचीच युक्ती कामी आली हे ठासून वाचा. घरी वऱ्हाडी बोलणारी आणि शाळेत ती लपवणारी पोरं आपल्याकडे खूप आहेत. हा भाग त्यांच्या कानावर जरूर पडावा.

सापाचा आवाज मात्र दुपारीच काढा. ॲस्मोडियस नावाचा तो ॲडर स्वतःचंच नाव कुजबुजत फिरतो. ते रात्री वाचलं की मग पाणी प्यायलाही कोणी एकटं उठत नाही.

७. मेजवानीची पानं आणि पोटातले कावळे

जेवणाची वर्णनं इतकी पानंच्या पानं का, असा प्रश्न पडतो. जेक्सचं बालपण महायुद्धाच्या आणि रेशनच्या दिवसांतलं, लोणी-साखर मोजून मिळायची. तो सगळा उपास त्यांनी कागदावर फेडून घेतला आहे. मठातलं जेवण बहुतेक शाकाहारी: पाव, चीज, कंदमुळं भरून भाजलेले पाय (इंग्रजी 'pie'), बेरीची सरबतं, सुकामेवा. मासे आणि कोळंबी तेवढी चालतात. पहिल्याच मेजवानीसाठी मथायस मोठा मासा धरून आणतो.

चेस्टनट आणि एल्डरबेरी पोरांना समजावत बसू नका. समोर आपलं काहीतरी ठेवा. मेमध्ये संत्री नसतात (अंबिया बहाराची दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये), पण कैरीचं पन्हं असतं. जंगलाच्या बाजूने बाजारात टेंभुर्णी येते, कुठे चारोळीची ओली फळंही मिळतात. रानातल्या जनावरांच्या पंगतीला याहून योग्य काय? दिवाळीच्या सुट्टीत वाचत असाल तर उकडलेले शिंगाडे आणि सीताफळ.

पाणमांजरांचं एक झणझणीत सूप आहे, कोळंबीचं, एका तिखट मुळीचं. कोण किती तिखट खाऊ शकतो यावर त्यांच्या पैजा लागतात. इथे सावजी रस्सा म्हणा आणि पुढे चला. नागपुरी पोराला यापेक्षा जास्त सांगावं लागलं तर नवल.

मेजवानीचं प्रकरण जेवणाआधी वाचलं तर पानात वाढलेलं निमूट खातात, हा फायदा वरकड.

८. कोणी मेलं तर

पहिल्याच पुस्तकात एक फार आवडतं म्हातारं पात्र जातं. कोण ते सांगत नाही. ते पान गाळू नका, आवाज बारीक करून उरकूही नका. वाचा आणि थांबा. काही पोरं लगेच "पुढे वाचा ना" म्हणतात, काही उठून जातात. दोन्ही ठीक.

'मार्टिन द वॉरियर' (१९९३) मात्र लहानांसाठी लवकर काढू नका. 'मॉसफ्लॉवर' झालेलं असावं आणि ऐकणारा दहाच्या पुढचा असावा. शेवट जिव्हारी लागतो.

९. "काकू, घुशी जन्मापासूनच वाईट असतात का?"

हा प्रश्न येणार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नक्की. या मालिकेत उंदीर, मोल, खारी, पाणमांजरं, बॅजर, ससे हे चांगले, आणि घुशी, वीझल, स्टोट, फेरेट (हाही वीझलचाच भाऊबंद), कोल्हे हे वाईट. कोण कोणाच्या पोटी जन्मला यावर सगळं ठरलेलं. इंग्लंडात हे वाचून कोणाला काय वाटतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या गावात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, ज्या गावातली पोरं आई-बापाचं बोट धरून दीक्षाभूमीवर जातात, तिथे जन्मावरून लायकी ठरवणारी गोष्ट मुकाट्याने ऐकली जाणार नाही, आणि जाऊही नये.

मला हा प्रश्न विचारणारी मुलगी चौथीतली होती. मी "गोष्टच आहे ग ती" म्हणून टाळायच्या बेतात होते, तेवढ्यात तिच्या शेजारचा पोट्टा म्हणाला, "पण क्लूनीनं त्यायले जबरदस्तीनं भरती केलं ना, नाही म्हटलं असतं तं मारलं असतं." आणि ते पुस्तकात आहेच! क्लूनी आसपासच्या घुशींना, वीझलांना धाक दाखवून आपल्या टोळीत ओढतो. लेखक ते दोन-चार पानांत सांगून पुढे निघून जातो. पोरं तिथेच थांबली. मग त्या दिवशी वाचन झालंच नाही. टोळीतली एक घूस, घरी तिची आई, रात्री पहाऱ्यावर असताना ती काय विचार करत असेल, हे सगळं पोरांनी रचलं. मला विचाराल तर त्या सुट्टीतली ती सगळ्यात चांगली दुपार होती.

तेव्हा पायरी अशी: लेखकाची वकिली करू नका. पुस्तक आवडणं आणि त्यातली एखादी गोष्ट न पटणं, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे पोरांना चांगलं कळतं, मोठ्यांनाच अवघड जातं. शत्रूपक्षातलं एक बिननावाचं पात्र प्रत्येकाने निवडायचं आणि त्याची बाजू मांडायची. लिहून, चित्र काढून, नाही तर नुसतं बोलून.

मालिकेत अपवाद आहेत, ते हाताशी ठेवा. 'मॉसफ्लॉवर'मध्ये दुष्ट रानमांजरी राणीचा सख्खा भाऊ जिंजिव्हेर सज्जन आहे. 'द बेलमेकर' (१९९४) मध्ये ब्लॅगट नावाची समुद्री चाच्यांतली घूस आहे, मठातली चिल्लीपिल्ली तिच्या गळ्यात पडतात. 'पर्ल्स ऑफ लुट्रा' (१९९६) मधली रोम्स्का ही फेरेट चाची शेवटी कोणाच्या बाजूने उभी राहते ते वाचूनच बघा. आणि 'आउटकास्ट ऑफ रेडवॉल' (१९९५) तर याच प्रश्नावर बेतलेलं आहे: बेवारस सापडलेलं, मठात वाढवलेलं फेरेटचं पिल्लू. जेक्सने दिलेलं उत्तर मला अर्धंमुर्धं वाटतं, आणि तसं वाटणारे वाचक पुष्कळ आहेत. बारा-तेराच्या पोरांसोबत वाचायला मात्र मालिकेतलं हेच पुस्तक मी सगळ्यात वर ठेवीन, कारण संपल्यावर कोणी गप्प बसत नाही. त्यानंतर 'टॅगरंग' (२००१) घ्या. तिथे उलटं आहे, पाणमांजराचं पोर लुटारूंच्या टोळीत वाढतं. दोन्ही लागोपाठ वाचली की वाद आपोआप पेटतो.

१०. कार्टून केव्हा दाखवायचं

१९९९ पासून या पुस्तकांवर कार्टून मालिका आली होती, तीन भागांत: 'रेडवॉल', 'मॅटिमिओ', 'मार्टिन द वॉरियर'. पुस्तक संपल्याशिवाय दाखवू नका. एकदा क्लूनीचा चेहरा पडद्यावर पाहिला की प्रत्येकाच्या डोक्यातला वेगवेगळा क्लूनी पुसला जातो. आधी सगळ्यांना त्याचं चित्र काढायला लावा, फ्रिजवर चिकटवा, मग दाखवा. मग भांडणं सुरू होतात की आपलाच क्लूनी बरा होता.

ध्वनिपुस्तकंही आहेत. त्यांत निवेदन खुद्द जेक्स यांनी केलं आहे आणि बाकीच्या पात्रांना वेगवेगळे आवाज आहेत. प्रवासात, नागपूर-पुणे रेल्वेच्या लांबलचक रात्रीत उत्तम. इंग्रजी उच्चार पोरांना झेपतील का, ही शंका असेल तर आधी घरी वाचून झालेलं पुस्तकच ऐकवा. गोष्ट माहीत असली की कान आपोआप वळतात, आणि मोलांचं मूळ बोलणं ऐकून "हे तं आपल्या आबासारखंच बोलून राहिले" असं कोणीतरी म्हणतंच.

शाळा उघडल्यावर रोजचा अर्धा तास निघत नाही. तेव्हा 'मॉसफ्लॉवर' रविवारवर टाका, एका बैठकीला तीन-चार प्रकरणं. मोठी पोरं दम धरत नाहीत, पुस्तक पळवून स्वतःच पुढे वाचून टाकतात. त्यांना वाचू द्या, मात्र लहानांसमोर तोंड उघडायचं नाही अशी ताकीद देऊन ठेवा.